निळा खडा, भोवती १४ पांढरे: ‘केट रिंग’च्या नकला कुठे जमतात, कुठे फसतात

ब्रिटनचा राजपुत्र विल्यम याची पत्नी केट हिच्या बोटातली निळ्या खड्याची अंगठी आधी त्याची आई डायना हिची होती, आणि तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. ‘केट रिंग’, ‘डायना रिंग’, ‘रॉयल ब्लू’ अशा कुठल्याही नावाने निळ्या खड्याची अंगठी समोर आली, की आधी मधल्या खड्याभोवतीचे पांढरे खडे मोजायचे. १४ भरले तर पुढचं बघायचं. १२, १६, १८ किंवा २२ भरले तर ती निळ्या खड्याची अंगठी आहे, कदाचित चांगलीही असेल. पण केटची नक्कल म्हणून जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही. बाजारातल्या बहुतेक नकला या पहिल्याच पायरीवर गळतात.

मूळ अंगठी लंडनच्या गॅरार्ड या जवाहिऱ्यांच्या पेढीची. मध्ये १२ कॅरटचा लंबगोल सिलोनी नीलम, भोवती १४ हिरे, खाली १८ कॅरटचं पांढरं सोनं. फेब्रुवारी १९८१ मध्ये चार्ल्स-डायनाचा साखरपुडा जाहीर झाला तेव्हा ती पहिल्यांदा जगाला दिसली. खास घडवून घेतलेली नव्हती, पेढीच्या कॅटलॉगातली होती. खिशात सुमारे २८ हजार पौंड असणाऱ्या कोणालाही घेता आली असती. राजघराण्याची होणारी सून आणि तयार अंगठी, म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. घाट त्याहून जुना आहे. १८४० मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला नीलम आणि भोवती हिरे असलेला ब्रोच दिला होता, त्याच्याशी या अंगठीचं नातं जोडतात.

१६ नोव्हेंबर २०१० ला विल्यम-केटचा साखरपुडा जाहीर झाला आणि सगळे कॅमेरे केटच्या डाव्या हातातल्या याच अंगठीवर खिळले. तिच्या अंगातला ईसा या ब्रँडचा निळा ड्रेस बघता बघता दुकानांतून संपला. चीनमधल्या यिवूच्या कारखान्यांत अंगठीच्या नकला निघायला लागल्या. मुंबईनेही हा प्रकार जवळून पाहिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये ओव्हल मैदानावर केट सचिनच्या साक्षीने बॅट घेऊन उभी राहिली, अंगात फॅशन डिझायनर अनिता डोंगरेंचा पोशाख होता, आणि त्या ब्रँडची वेबसाइट गर्दीने कोलमडली. पण पोशाखाची लाट ओसरते. अंगठीचा एकदा साचा केला की त्यातून मेणाच्या प्रती काढत राहायच्या आणि धातूत ओतत राहायच्या. म्हणूनच इतक्या वर्षांनीही ही नक्कल बाजारात टिकून आहे.

पहिला आणि सगळ्यात मोठा दोष प्रमाणाचा. १२ कॅरटचा लंबगोल नीलम साधारण १४ बाय १२ मिलिमीटर भरतो. त्याच्याभोवती बरोबर १४ गोल खडे एका ओळीत, अंगाला अंग लावून बसवायचे तर प्रत्येक खडा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लागतो. म्हणजे बाजूचा खडा मधल्या खड्याच्या लांबीच्या पाव. हा पावाचा हिशोब लक्षात ठेवा, लहान मापातही तोच चालतो. मधला खडा १० बाय ८ असेल तर बाजूचे अडीच मिमी, ८ बाय ६ असेल तर २ मिमी. असं केलं तरच १४ ची ओळ भरते आणि लांबून बघणाऱ्याला ‘तीच ती’ वाटते.

कारखानदार नेमकं इथेच हात आखडता घेतो. सव्वा ते दीड मिमीचे पांढरे खडे किलोने पडलेले असतात, कुठल्याही अंगठीत खपतात, म्हणून तेच इथेही लावतो. १० बाय ८ च्या खड्याभोवती दीड मिमीचे खडे २२ बसतात, २ मिमीचे १७. मग अंगठीला फुलाचा घाट न राहता निळ्या खड्याला पांढरी जर लावल्यासारखी दिसते. मूळ अंगठीत प्रत्येक हिरा वेगळा मोजता येतो, पाकळीसारखा. नकलेत तो पट्टा होतो. डोळ्याला काहीतरी चुकतंय एवढं कळतं, काय ते सांगता येत नाही. चुकतं ते हे.

उलटी चूकही होते. मधला खडा मुळाइतका म्हणजे १४ बाय १२ चा घेतला, की बाजूच्या खड्यांसकट अंगठीचं तोंड २१ बाय १९ मिमीचं होतं, जवळपास रुपयाच्या नाण्याएवढं. केट उंच आहे, तिची बोटं लांब आहेत. आपल्याकडच्या सरासरी हातावर एवढं तोंड शेजारच्या दोन्ही बोटांवर चढतं. १० बाय ८ चा मधला खडा, म्हणजे १५ बाय १३ चं तोंड, बहुतेक हातांना शोभतं. ऑनलाइन फोटोवर मात्र अजिबात विसंबू नका. फोटोत बोट भरून दिसणारी अंगठी घरी आल्यावर ८ बाय ६ ची निघते. वर्णनात मिलिमीटर दिलेले नसतील तर विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

आता खडा. स्वस्तातल्या अंगठ्या, म्हणजे ३०० ते ८०० रुपयांच्या, पितळेच्या किंवा दुसऱ्या मिश्रधातूच्या असतात आणि मध्ये निळी काच किंवा निळा अमेरिकन डायमंड. काचेमागे चमक यावी म्हणून बेगड लावलेला असतो आणि मागून कोंदण बंद. हात धुताना कोंदणात पाणी शिरतं, बेगड काळा पडतो, आणि महिन्याभरात निळ्या खड्यात एका बाजूने ढग आल्यासारखा डाग दिसायला लागतो. तो धुऊन जात नाही. घेताना अंगठी उलटी करून बघा. मागून खडा दिसतच नसेल, सगळं धातूने झाकलेलं असेल, तर बेगड आहे असं धरून चालावं.

निळ्या अमेरिकन डायमंडची तक्रार वेगळी. तो हलक्या प्रतीचा आहे असं नाही, पण वागतो वेगळा. नीलमात रंगाच्या ठिणग्या फारशा उडत नाहीत. त्याची शोभा खोल, थंड निळाईत असते. अमेरिकन डायमंड प्रकाश फोडतो आणि निळ्या खड्यातून लाल-केशरी ठिणग्या उडतात. दिव्याखाली हात हलवला की लगेच कळतं. शिवाय घरातल्या पिवळ्या दिव्यात तो शाईच्या दौतीसारखा काळा दिसतो. मूळ खड्याचा रंग गोकर्णाच्या फुलाजवळ जाणारा आहे, गडद पण जिवंत. म्हणून अंगठी तीन ठिकाणी बघावी: ट्यूबलाइटखाली, पिवळ्या दिव्याखाली आणि खिडकीशी. दुकानाच्या काउंटरवरचे पांढरेशुभ्र फोकस कुठलाही निळा खडा देखणा करतात, तिथे पाहिलेलं धरायचं नाही.

यातल्या त्यात खरी निवड कोणती, तर ९२५ चांदीची अंगठी आणि मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेला नीलम. हा ‘खोटा नीलम’ नव्हे. नैसर्गिक नीलम ज्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, त्याचाच हा. कठीणपणा तोच, खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर ९. घनताही तीच. फ्रान्सच्या व्हर्न्युईने ज्योतीतून कुरुविंद, म्हणजे नीलम ज्याचा प्रकार आहे ते खनिज, पिकवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि आजही बहुतेक स्वस्त कृत्रिम नीलम त्याच पद्धतीने होतात. १० बाय ८ चा असा खडा काही शे रुपयांत मिळतो. म्हणजे काच आणि कृत्रिम नीलम यांच्यातला फरक किमतीत थोडा आणि टिकण्यात प्रचंड आहे. काचेवर घरातल्या धुळीने चरे पडतात, कारण धुळीत वाळू असते आणि वाळू काचेपेक्षा कठीण. नीलमावर ती चालत नाही. दोन वर्षांनी दोन्ही अंगठ्या शेजारी ठेवल्या तर काचेच्या कडा गोल आणि धुरकट झालेल्या असतात, नीलमाच्या पैलूंची धार तशीच.

कृत्रिम नीलम देतो असं सांगून स्पिनेल हा वेगळाच खडा देणारेही आहेत. निळा कृत्रिम स्पिनेल कोबाल्टने रंगवलेला असतो. चेल्सी फिल्टर नावाच्या छोट्या काचेतून पाहिला की लाल दिसतो. ही काच जाणत्या रत्नपारख्याकडे असतेच. १० पटीच्या भिंगातून ज्योतीच्या पद्धतीचा नीलम पाहिला तर आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार रेषा आणि कधी बारीक बुडबुडे दिसतात. नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळणारे असतात. म्हणजे भिंगाखाली वळणदार रेषा दिसल्या तर निराश व्हायचं नाही, तुम्ही मागितलं तेच मिळालं आहे. हाच खडा ‘नॅचरल’ म्हणून विकत असतील तर मात्र उठून यायचं.

खड्याची खोली बघायला अंगठी छापील कागदावर पालथी ठेवा. खड्यातून अक्षरं वाचता आली तर खडा उथळ कापला आहे. याला पैलू पाडणारे ‘खिडकी’ म्हणतात. घातल्यावर त्या खिडकीतून बोटाची कातडी दिसते आणि मधोमध खडा फिका पडतो. कृत्रिम खड्यात कच्चा माल स्वस्त, तरीही उथळ कापतात, कारण खोल खडा बसवायला अंगठीचा डोलारा उंच लागतो आणि उंच म्हणजे जादा चांदी.

भोवतीचे १४ खडे पांढऱ्या अमेरिकन डायमंडचे चालतात. अडीच मिमीच्या मापात हिरा आणि तो यांतला फरक हातभर अंतरावरून सांगणं अवघड. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा लावून घ्यायचा मोह टाळा; त्याच्या ठिणग्या हिऱ्यापेक्षाही जास्त, त्या मधल्या निळ्या खड्याला मारतात. चांगलं बजेट असेल तर प्रयोगशाळेतले हिरे. अडीच मिमीचा एक साधारण ६ सेंट (कॅरटचे शंभरावे भाग), म्हणजे १४ मिळून पाऊण ते एक कॅरटच्या दरम्यान.

नैसर्गिक नीलम घालूनच करायची असेल तर हा मजकूर एवढाच पुरेसा नाही. तरी तीन गोष्टी. बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग सुधारलेले असतात, त्यात गैर काही नाही, पण कागदावर तसं लिहिलेलं हवं. दुसरं, रंग वरवर मुरवलेले, म्हणजे डिफ्यूजनचे खडे: पांढऱ्या वाडग्यात पाणी घालून सुटा खडा त्यात बुडवा आणि वरून बघा. रंग पैलूंच्या कडांवर जाळीसारखा गोळा झालेला दिसला तर शंका घ्या. तिसरं, काच भरलेले खडे. यांची गंमत अशी की दुकानात उत्तम दिसतात आणि घरी लिंबाने मरतात. भेगांत भरलेली काच लिंबाच्या रसाने खाल्ली जाते, आणि एका सरबताच्या दुपारी खड्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. मोठा, निळाशार आणि स्वस्त असा नैसर्गिक नीलम दिसला की बहुधा हाच. मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. दुकानाने स्वतः छापलेलं, अंगठीच्या फोटोचं प्लॅस्टिक कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. भाव सांगताना कॅरट आणि रती यांची गल्लतही होते: रत्नबाजारातली रती साधारण ०.९१ कॅरट, म्हणजे १२ कॅरटचा खडा १३ रतींच्या वर जातो. आकडा मोठा दिसला म्हणून खडा मोठा होत नाही.

धातूकडे येऊ. मूळ अंगठी पांढऱ्या सोन्याची, त्यामुळे नकलेलाही तो थंड पांढरा रंग हवा. चांदी आपली आपण काळवंडते, म्हणून तिच्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा थर चढवतात. चांगला थर अर्धा ते एक मायक्रॉन. पितळेवरचा ‘फ्लॅश’ त्याच्या कितीतरी पातळ. पितळेच्या अंगठीचा थर आधी तळहाताच्या बाजूला, कडीच्या खालच्या भागात जातो. तिथून पिवळं दिसायला लागतं आणि घामाने बोटाला हिरवट कडं पडतं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना खाज सुटते, तेव्हा ‘निकेल फ्री’ लिहिलेलं नसेल तर पितळेच्या वाटेला जाऊच नका. पांढऱ्या सोन्यालाही रोडियम लागतं हे पुष्कळांना माहीत नसतं. रोज वापरली तर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चढवावं लागतं, नाहीतर खालचा पिवळसरपणा डोकावतो. १८ कॅरटच्या सोन्यात घेत असाल तर आतल्या बाजूला बीआयएस या मानक संस्थेची खूण, १८के७५० हा शुद्धतेचा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक, तिन्ही बघा.

आता वापरातली खरी कटकट. ही अंगठी फिरते. वजन सगळं वर, कडी खाली बारीक, त्यामुळे खडा बोटाच्या बाजूला लोळतो आणि शेजारच्या बोटाला टोचतो. लोक मग लहान माप मागतात. ते चूक, सकाळी बसलेली अंगठी संध्याकाळी निघत नाही. माप संध्याकाळी द्यावं, हात सामान्य उबेचा असताना. आपल्याकडचा अंगठीचा क्रमांक म्हणजे साधारण आतल्या घेराच्या मिलिमीटरमधून ४० वजा: ५४ मिमी घेर म्हणजे १४ नंबर. लोळणं थांबवायचं तर कारागिराला कडीच्या आत, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी दोन बारीक मणी लावायला सांगा. पेरावरून अंगठी सरकते आणि बोटाच्या मुळाशी मणी तिला धरून ठेवतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कोणी करत नाही.

कडीची जाडीही बघा. खालच्या बाजूला पावणेदोन मिमीपेक्षा कमी जाड चांदीची कडी दरवाजाच्या मुठीला, बसच्या दांड्याला दाबून अंडाकृती होते, आणि कडी वाकली की वरचे, खडा धरणारे पंजे सैल होतात. पंज्यांची परीक्षा शिफॉनच्या पदराने. कापड अंगठीवरून चारी दिशांनी हलकेच ओढा. कुठे धागा अडकला तर पंज्याचं टोक वर आहे. तो पंजा आज तुमची साडी ओढतो आणि सहा महिन्यांनी खडा सोडतो. स्वस्त अंगठ्यांत भोवतीचे खडे मेणातच बसवून धातूसोबत ओतलेले असतात, पंजे म्हणजे नुसते फुगवटे. त्यातला एक खडा पडला की दुसरा बसवता येत नाही, डिंकाने चिकटवावा लागतो. हाताने बसवलेल्या अंगठीत प्रत्येक पंजा वळवलेला दिसतो आणि खडा बदलता येतो.

माप वाढवायला किंवा कमी करायला दिली तर मधला खडा आधी काढायला सांगा. डाग देताना, म्हणजे धातूचा सांधा जोडताना, टाकणखार लावतात. तापलेला टाकणखार नीलमाचा पृष्ठभाग खातो, नैसर्गिक असो की कृत्रिम, आणि चकचकीत पैलू खरबरीत होतो. मग पुन्हा पैलू पाडल्याशिवाय इलाज नाही. काच आणि अमेरिकन डायमंड तर गरमावरून पाण्यात टाकले की तडकतात. ‘काही होत नाही, रोज करतो’ असं उत्तर मिळालं तर अंगठी परत घ्या. धुवायला कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश; घासायचं वरून नव्हे, मागच्या जाळीतून, कारण कणकेचा आणि क्रीमचा थर तिथे बसतो आणि निळा खडा त्यामुळेच मंदावतो. कणीक मळताना काढून ठेवली तर उत्तमच.

केट या अंगठीखाली वेल्श सोन्याचं बारीक वळं घालते. नकलेशेजारी तसं वळं घालायचं असेल तर अंगठीचं डोकं बोटापासून इतकं उंच हवं की वळं त्याच्या पोटाखाली सरकेल. सपाट बसवलेल्या नकलांत वळं बाजूला फटकून राहतं. नवऱ्यासाठी जोडीची अंगठी शोधू नका. विल्यम लग्नाची अंगठी घालतच नाही, त्यामुळे ‘रॉयल कपल सेट’ नावाने जे विकतात त्यातली पुरुषाची अंगठी दुकानदाराच्या डोक्यातून आली आहे.

राहिला शनी. आपल्याकडे निळा खडा बोटात दिसला की चार जणं विचारणार, पत्रिका दाखवलीस का, तीन रात्री उशाखाली ठेवलास का. डायनाच्या संसाराचं खापर नीलमावर फोडणारेही भेटतील. त्यांना कृत्रिम नीलमाचं सांगून टाका. ज्योतिषी मंडळी त्याला मोजत नाहीत, त्यामुळे तो लाभतही नाही आणि बाधतही नाही. घरात शांतता राहते.

तयार अंगठीपेक्षा चांदीचं ओतकाम करणाऱ्याकडून करून घेतली तर फार महाग पडत नाही. साडेसहा-सात ग्रॅम चांदी त्या दिवसाच्या भावाने, खड्यांचे पैसे वेगळे, घडणावळ वेगळी, असं तोडून बिल मागा आणि बिलावर ‘कृत्रिम नीलम’ हे शब्द लिहून घ्या. कारागिराला चिठ्ठी द्यायची ती अशी: मधला खडा १० बाय ८ लंबगोल, कृत्रिम नीलम, खिडकी नको. बाजूला अडीच मिमीचे १४, सुटे दिसतील असे, हाताने बसवलेले. मागून जाळी उघडी. डोकं वळं जाईल एवढं उंच. कडी खाली २ मिमी जाड. आतून दोन मणी.